विश्लेषण : जानवे घातले, पण नाव बदलले नाही, ‘कन्नडचे कबीर’ संत शिशुनाळ शरीफ कोण होते?

कर्नाटकातील भजनी मंडळांपासून रघू दीक्षितच्या बँडपर्यंत ज्यांची पदे आजही गायली जातात, ते संत शिशुनाळ शरीफ (१८१९-१८८९) हिंदू की मुस्लीम, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्यांच्या हयातीतही तो विचारला गेला होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली होती.

शिशुनाळचे शरीफसाहेब

शिशुनाळ हे हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यातले छोटे गाव. त्या काळी हा भाग मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात मोडत असे. वडील इमामसाहेब यांची जवळच्या हुलगूर येथील कादरी परंपरेच्या सूफी पिरावर श्रद्धा होती. हे पीर मुस्लीम असूनही लिंगदीक्षा देत, असे सांगितले जाते. त्यामुळे शरीफ यांच्या कानावर लहानपणी कुराणाबरोबर रामायण-महाभारतातील कथा आणि अल्लमप्रभूंचे विचारही पडले. म्हणजे दोन परंपरांचा मेळ त्यांनी मोठेपणी ठरवून घातला नाही, तो घरातच होता.

काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी केली. लग्न झाले, मुलगी झाली. मात्र मुलगी आणि पत्नी दोघींचाही मृत्यू झाला आणि संसार तिथेच संपला.

गुरू ब्राह्मण, शिष्य मुसलमान

शरीफ यांचे गुरू गोविंद भट्ट हे कुंदगोळ तालुक्यातील कळस गावचे. मराठी वाचकांना कुंदगोळ माहीत असते ते सवाई गंधर्वांमुळे. त्याच परिसरातले हे भट्ट जन्माने ब्राह्मण, पण सोवळेओवळे न पाळणारे. कुणाच्याही घरी जेवणारा, जातीचा विचार न करणारा हा माणूस गावातील कर्मठांना आधीच खुपत होता. त्याने एका मुसलमान तरुणाला शिष्य केल्यावर तर दोन्हीकडून रोष ओढवला. ब्राह्मणांना वाटले भट्टांनी धर्म बुडवला, मुसलमानांना वाटले पोरगा हातचा गेला.

गोविंद भट्टांनी शरीफ यांच्या गळ्यात स्वतः जानवे घातले, ही कथा उत्तर कर्नाटकात सर्वतोमुखी आहे. त्या कथेत एक गोष्ट सहसा निसटते. जानवे घातले, पण नाव बदलले नाही. शरीफ अखेरपर्यंत शरीफच राहिले. मोहरममध्ये गायची करबलाची पदे त्यांनी रचली आणि गावच्या बसवण्णाच्या देवळातही ते रमले. पदांच्या शेवटी येणारी त्यांची नाममुद्राही शिशुनाळच्या याच देवाची आहे.

पदांमध्ये आहे तरी काय?

शरीफ यांच्या रचनांना ‘तत्त्वपदे’ म्हणतात. तत्त्वज्ञान असले तरी शब्द धारवाडकडील बोलीतले आणि दाखले रोजच्या वापरातले. पावसात गळणारे घराचे माळवद, ओढायची गुडगुडी, तंबोरा, एवढेच काय, हुबळीत नव्याने उभी राहिलेली कापडगिरणीही त्यांच्या पदात येते. यंत्र पाहून लोक थक्क होत होते, शरीफ यांना त्यात माणसाचे शरीर दिसले. गळके घर म्हणजे डागडुजी न केलेले मन, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

काही पदे मात्र सरळ कोडी आहेत. ‘कोडगन कोळी नुंगित्ता’ या प्रसिद्ध पदात कोंबडी माकडाला गिळते आणि मग एकामागून एक उलट्या गोष्टी घडत जातात. शेवटी गुरूचे चरण ‘मी’लाच गिळून टाकतात. लहान मुले ते गंमत म्हणून गातात आणि त्यात काही बिघडतही नाही.

कबीरांची उपमा कितपत खरी?

कबीरांच्या उलटबांसीशी हे नाते उघड आहे. पण कबीर पंडित आणि मुल्ला दोघांनाही झोडपतात. शरीफ चिमटा काढतात, पण दर्गा, देऊळ आणि मठ या तिन्ही ठिकाणी बसून गातातही. म्हणून ही उपमा अर्धीच बरोबर आहे. महाराष्ट्रात त्यांच्या जवळचे नाव शोधायचे तर ते ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे. मुसलमान राहून तेही संतपरंपरेत मानाचे स्थान मिळवून बसले.

पदे टिकली कशी?

मुख्यतः तोंडी. गावोगावच्या गायकांनी ती जपली, त्यामुळे एकाच पदाचे पाठ निरनिराळे मिळतात. शहरी श्रोत्यांपर्यंत ती पोहोचवली संगीतकार सी. अश्वथ यांनी. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी शरीफ यांच्यावर कन्नड चित्रपट काढला. त्यात गोविंद भट्टांची भूमिका गिरीश कार्नाड यांनी केली आणि चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. तेव्हापासून शरीफ यांच्या नावाला ‘एकात्मतेचे प्रतीक’ हे सरकारी विशेषण चिकटले. ते चुकीचे नाही, पण त्यात गुरू-शिष्यांनी सोसलेला बहिष्कार आणि पदांमधली खट्याळ कोडी दोन्ही पुसली जातात.

१८८९ मध्ये शरीफ गेले, तेव्हा दोन्ही धर्मांच्या रीतींनी अंत्यविधी झाल्याचे सांगतात. शिशुनाळच्या समाधीवर आजही दोन्ही समाजांचे लोक येतात आणि ज्याच्या त्याच्या पद्धतीने हात जोडतात किंवा पसरतात.