धनुष्य विकत घेण्याआधी

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक ताई थांबल्या. मुलगी सातवीला आहे. शाळेत कुणीतरी तिला मोबाईलवर तिरंदाजीची स्पर्धा दाखवली आणि तेव्हापासून तिने धनुष्याचा ध्यास घेतला आहे. ताईंनी मोबाईलवरच एक स्वस्त धनुष्य बघून ठेवले होते. म्हणाल्या, "मागवून टाकू का? शिकेल आपली आपण. क्लास सटाण्यात कुठं मिळणार, आणि मिळाला तरी आपल्याला परवडणार का?"

मी त्यांना म्हटले, ताई, अजून पैसे भरू नका. त्याचे कारण वस्तीतल्या सगळ्यांच्याच कामाचे आहे, म्हणून इथे लिहितो.

धनुष्याचा जोर पौंडात मोजतात. दोरी पूर्ण ओढून धरायला जेवढी ताकद लागते, तेवढे त्याचे पौंड. दहा-बारा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला १२ ते १६ पौंड पुरतात. मोठ्या माणसानेही २० च्या आसपास सुरुवात करावी. ऑलिंपिकमधले पुरुष खेळाडू ४५ पौंड किंवा त्याहून जास्त ओढतात, म्हणजे दर बाणाला साधारण २० किलो. पहिल्या फेरीत ७२ बाण असतात. हिशेब करा, १४०० किलोच्या वर जाते. कांद्याच्या ५० किलोच्या २८ गोण्या एका दिवसात, त्याही दोन-तीन बोटांवर! कांद्याच्या खळ्यावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हा भार हाताने ओढायचा नसतो, पाठीने ओढायचा असतो. दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे आणायचे आणि खांदा खाली ठेवायचा. नवखा माणूस नेमके उलटे करतो. खांदा कानाकडे उचलतो, कंबर मागे झुकवतो आणि नुसत्या दंडाच्या जोरावर दोरी खेचतो. दोन महिन्यांत खांद्याच्या आतल्या स्नायूंना सूज येते आणि रात्री कुशीवर झोपता येत नाही. ही चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही. बाजूला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला ती पहिल्या पाच बाणांत दिसते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सुरुवातीचे निदान आठ-दहा धडे शिक्षकाकडेच घ्यावेत, आणि तोवर धनुष्य विकत घेऊ नये. शिकवणाऱ्याकडे हलकी धनुष्ये असतात. किती पौंडाचे, किती लांबीचे आणि डाव्या हाताचे की उजव्या, हे तिथेच ठरते.

हाताइतकाच डोळ्याचाही प्रश्न असतो. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटीशी फट ठेवा आणि त्यातून लांबचा विजेचा खांब बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो, तो तुमचा मुख्य डोळा. काही उजव्या हाताच्या मुलांचा मुख्य डोळा डावा निघतो. अशा मुलाने कोणत्या बाजूने ओढावे, हे शिक्षक ठरवतो.

आपल्या समाजात हा विषय निघाला की एकलव्य आठवतोच. तो गुरूशिवाय शिकला, असे कौतुकाने सांगतात. पण त्याला गुरूशिवाय का शिकावे लागले, हे आपण विसरायचे नाही. त्याला नाकारले होते, आणि शिकला तेव्हा अंगठा मागितला. आज सरकारी मैदानाचे दार आपल्या मुलांनाही उघडे आहे. मग एकटे शिकण्याचा हट्ट कशाला?

सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा, झोपडीत वाढलेला मुलगा. जिल्हा परिषद शाळेतले विकास भुजबळ सर त्याला आधी धावायला शिकवत होते. पोर अशक्त होते, सरावात चक्कर येऊन पडले. सरांनी आधी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले. (आईबापांनी हे वाक्य दोनदा वाचावे. उपाशीपोटी सराव नको. शेंगदाणे, गूळ, अंडे, उसळ यांतले काहीतरी पोटात हवे.) पुढे तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, बांबूच्या धनुष्यावर शिकला, अमरावतीच्या प्रबोधिनीत तयार झाला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारताच्या संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघात तो होता, आणि २०२१ मध्ये तो टोकियो ऑलिंपिकला खेळला. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. तिचा सराव उसाच्या शेतातल्या मैदानावर झाला. दोघांनाही सुरुवातीला शिकवणारे माणूस भेटले होते.

आता सटाण्यात शोधायचे कसे? पहिली पायरी मुलीच्या शाळेतले क्रीडाशिक्षक. शालेय क्रीडा स्पर्धांत धनुर्विद्या हा खेळ आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत. जिल्ह्याची स्पर्धा कधी आणि कुठे आहे, हे सरांना विचारा आणि एक दिवस मुलीला घेऊन नुसते बघायला जा. कोणत्या शाळेची मुले नीट शिकलेली आहेत आणि त्यांच्यामागे कोण उभे आहे, ते तिथे एका सकाळी कळते. दुसरी जागा तालुका क्रीडा अधिकारी. तिसरी नाशिकचे जिल्हा क्रीडा कार्यालय. तिथे जिल्ह्यातल्या तिरंदाजी संघटनेचा पत्ता मागा. हिरावाडीला विभागीय क्रीडा संकुल आहे, तिथेही चौकशी करता येईल. सटाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटर, रोजचे जाणे शक्य नाही. पण सुटीतले शिबिर आणि नंतर महिन्यातून एक-दोन फेऱ्या, मधल्या दिवसांत घरी सायकलच्या जुन्या ट्यूबवर ओढण्याचा सराव, एवढ्यावर पहिले वर्ष निघते.

क्रीडा प्रबोधिनीसाठी लहान वयातच चाचण्या होतात. त्यात उंची, उडी, चेंडूफेक, ८०० मीटर धावणे असे सगळे बघतात. धनुष्य हातात धरलेले नसले तरी चालते.

शिकवणाऱ्याला चार गोष्टी बिनधास्त विचारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षण झाले आहे का, की स्वतः स्पर्धा खेळला आहे? सामान तो देणार का? मुलींबरोबर मैदानावर कोण असते? आणि शिट्टीचा नियम पाळतात का? दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की बाण आणायला जायचे. बाण सुटत असताना रेषेच्या पुढे कुणी दिसले, तर मुलीचा हात धरून घरी या. पहिल्याच दिवशी महागडा संच विकू पाहणाऱ्यालाही लांबून जयभीम. 'इंडियन राउंड' नावाच्या प्रकारात बांबूचे धनुष्य चालते आणि ते काही हजारांत मिळते. ऑलिंपिकच्या रिकर्व्हचा चांगला संच लाखाच्या पुढे जातो, त्याचा विचार दोन वर्षांनी.

मोठ्यांपैकी ज्यांना साखर आहे त्यांनी आधी डॉक्टरांना खांदा दाखवावा. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. रक्तदाब असणाऱ्यांनी दोरी ओढून श्वास कोंडू नये. आणि वजन कमी होईल या आशेने हा खेळ घेऊ नका, त्यासाठी चालणे बरे. पाठ ताठ होते, खांदे सरळ होतात, मन एका जागी बसते, एवढे नक्की मिळते.

शेवटी गल्लीतल्या धनुष्याविषयी. छत्रीच्या काड्यांचे आणि खराट्याच्या हिराचे बाण करून पोरे खेळतात, आणि ते डोळ्यात जातात. तसे झाले तर डोळा चोळू नका, पाण्याने धुऊ नका, रुतलेली काडी ओढू नका. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा, १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून मालेगाव किंवा नाशिकला पाठवले तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका.

त्या ताईंनी मोबाईलवरचे धनुष्य अजून मागवलेले नाही. सोमवारी त्या शाळेत सरांना भेटणार आहेत.