तोलून की मापून?

लंडनच्या एका वाचकाने विचारले आहे की, तिकडे हौशी मंडळी ई-सिगारेटचे द्रव घरीच कालवतात, ते सिरिंजने मापावे की काट्यावर तोलावे? आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आहे, तेव्हा हा हिशेब ब्रिटनचा. ती ओढावी की नाही, हा वाद वेगळा. पण बाटलीत निकोटिनसारखे विष असताना मापात पाप परवडत नाही, आणि माझा कौल काट्याला आहे.

या द्रवाचा बहुतेक भाग दोनच पदार्थांचा असतो : प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला पातळ, मिलीलिटरला १.०३६ ग्रॅम, दुसरा दाट, १.२६ ग्रॅम. ग्लिसरीन सिरिंजमध्ये ओढताना दट्ट्या पुढे धावतो, द्रव मागून रेंगाळत येतो आणि मध्ये हवा शिरते. बाहेर सोडले तरी थोडे आतल्या भिंतीला चिकटून राहतेच. शिवाय २० अंशांना त्याचा जो चिकटपणा असतो, तो ३० अंशांना निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे तीच सिरिंज हिवाळ्यात एक वागणार, उन्हाळ्यात दुसरे. काट्याला यातले काहीच बाधत नाही. बाटली ठेवा, शून्य करा, ओता, पुन्हा शून्य करा. धुवायला भांडेही पडत नाही.

यावर आक्षेप असा की, कृतीतले टक्के आकारमानाचे, निकोटिनची तीव्रताही मिलीलिटरमागे, मग वजन कशाला? आक्षेप खरा आहे, आणि खरी चूक इथेच होते. ७० टक्के ग्लिसरीन म्हणजे १०० मिलीत ७० ग्रॅम नव्हे, ८८.२ ग्रॅम. सरळ ७० आणि ३० ग्रॅम घेतले, तर १०० मिलीऐवजी जेमतेम ८४.५ मिली द्रव होते आणि ग्लिसरीन ६६ टक्क्यांवर घसरते. त्यात ३०० मिलिग्रॅम निकोटिन असेल, तर तीव्रता ३ नव्हे, साडेतीनच्या वर. पण हा दोष गुणाकार विसरणाऱ्याचा, काट्याचा नव्हे. प्रत्येक स्वादाची घनता कुठून आणायची, असेही विचारतात. बहुतेक स्वाद ग्लायकॉलमध्येच विरघळवलेले असतात, म्हणून त्याचाच आकडा धरावा; दहा टक्के स्वादात घनता तीन टक्क्यांनी चुकली, तरी मिश्रणात फरक ०.३ टक्क्याचा.

मात्र काट्यालाही मर्यादा आहे. १० मिलीत एक टक्का स्वाद म्हणजे ०.१ ग्रॅम, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याची एक पायरी म्हणजे त्यातले दहा टक्के. त्यातून काही काटे शून्यावर असताना सावकाश पडणारे थेंब चक्क गिळतात, कारण किरकोळ फरक आपोआप पुसून शून्य टिकवायची त्यांची रचनाच असते. म्हणून एकदम १०० मिली करावे. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे निकोटिनची बाटली १० मिलीची आणि तीव्रता मिलीमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच असते. त्यामुळे निकोटिनविरहित ५० मिलीत १८ मिलिग्रॅमची एक अख्खी बाटली रिकामी करायची पद्धत पडली आहे. त्यातून ६० मिली द्रवात मिलीमागे बरोबर ३ मिलिग्रॅम येते; तिथे ना सिरिंज लागते, ना काटा.