छोट्या होडीसाठी एअर-कूल्ड इंजिन घेताय? आधी हे मोजा

ओहोटीला खाडी उथळ झाली, की वॉटर-कूल्ड आउटबोर्ड इंजिन पाण्याबरोबर गाळही ओढते. पाण्याचा मार्ग तुंबला, तर इंजिन तापून भर खाडीत बंद पडू शकते. एअर-कूल्ड इंजिनात पाण्याचा पंपच नसतो; आवाज मात्र जास्त.

होंडाचे बीएफ २.३ हे असेच इंजिन. ताकद २.३ हॉर्सपॉवर, वजन साधारण १४ किलो. रिव्हर्स गिअर नाही. इंजिनच फिरवून होडी मागे घ्यायची. जोरदार प्रवाहात एवढी ताकद अपुरी पडते.

खरेदीआधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच असेल तर लाँग शाफ्ट. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. लांब पडला तर तळाला घासतो. वल्ही मात्र होडीत असू द्याच.