पाच त्रिक पंधरा, भागिले चार!

‘ताई, बूट काढायचे का? आई ओरडेल.’

सकाळचे साडेआठ. ऐरोलीत खाडीकाठच्या एका धक्क्यावर पालिकेच्या शाळेतली सातवीची चौतीस मुलं रांगेत उभी. समोर चिखल, चिखलापलीकडे पाणी, आणि पाण्याच्या कडेला दूरवर एक गुलाबी रेघ. मी त्यांच्यासोबत ‘स्टोरी करायला’ आले होते. खरं सांगायचं तर डोक्यात एकच प्लॅन होता : फ्लेमिंगोचे चार फोटो, मुलांचे दोन कोट, बाईंची एक प्रतिक्रिया, झालं काम. पण पहिल्या अर्ध्या तासातच माझा प्लॅन चिखलात गेला. बूट तर गेलेच.

फेब्रुवारी आला की शाळाशाळांत पाणथळ जागांची आठवण निघते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागा वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून. आपली ठाणे खाडी २०२२ मध्ये या रामसर यादीत गेली. २०१५ पासून खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्यही आहे. हे सगळं या मुलांना पाठ होतं. पण ‘याआधी इथे कोण कोण आलंय?’ असं विचारल्यावर किती हात वर झाले? सहा. शाळा इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे!

मीठ चाखा, मग वही काढा

मुलांना घेऊन आलेला दादा एका निसर्ग शिक्षण संस्थेत काम करतो. त्याने भाषण दिलंच नाही. तिवराचं एक पान तोडून म्हणाला, ‘चाटून बघा.’ आधी सगळे ‘ईऽऽ’. मग एकीने धीर केला. ‘अरे, खारट आहे!’ पुढच्या मिनिटाला रांग लागली. तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे वाक्य पुस्तकात असतं तेव्हा डोक्यावरून जातं. जिभेवर आलं की विसरायला होत नाही.

मग जमिनीतून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक बाहेर काढून श्वास घेतं. मग एक नांगी मोठी आणि एक बारकी असलेला खेकडा. मग चिखलावर उड्या मारणारा मासा. ‘मासा पाण्याबाहेर कसा?’ यावर दादा काही बोलायच्या आत मागून आवाज आला, ‘निवटी आहे ती. आमच्याकडे कालवण करतात.’

सगळे वळले. मागच्या बाकावरचा एक मुलगा. घर तिथल्याच कोळीवाड्यात. बाई मला हळूच म्हणाल्या, ‘वर्षभरात याचा आवाज मी चारदा ऐकला असेल.’

पुढचा तास मात्र त्याचाच. दादाने मोबाइलमधलं भरतीचं अ‍ॅप उघडलं, तर हा म्हणाला, ‘त्याला मोबाइल कशाला पाहिजे? आज पंचमी ना? पाच त्रिक पंधरा, भागिले चार. पावणेचारला भरती.’ दादाने स्क्रीन पाहिली. फरक होता फक्त काही मिनिटांचा.

मी थक्क. हा कोळ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. दादाने लगेच वह्या काढायला लावल्या आणि दशमीची, द्वादशीची भरती काढायला सांगितली. बाई हसत म्हणाल्या, ‘अपूर्णांक शिकवायला मी दोन आठवडे घालवले होते!’

गुलाबी रंगामागचं काळं पाणी

मोजणीचं गणित वेगळं. लांबवर शेकडो पक्षी, मोजणार कसे? आधी दहा मोजायचे. ते दहा किती जागेत मावतात ते डोळ्यांत पकडायचं आणि तेवढी जागा पुढे सरकवत न्यायची. चार गट, चार आकडे : ३२०, ४१०, ३५०, आणि एका गटाचे तब्बल ९००. वाद झाला, पुन्हा मोजणी झाली, ९००चे ४०० झाले. दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यातही मोठमोठ्या थव्यांचे आकडे असेच अंदाजाने काढतात, हे ऐकल्यावर मुलांची कॉलर ताठ.

‘पण हे गुलाबी का?’ हा प्रश्न येणारच होता. रंग खाण्यातून येतो. छोटा फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. आता यातली गोम ऐका. खाडीत हे शेवाळ एवढं वाढतं, त्याला आपल्या शहरांचं सांडपाणीही कारण आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या गुलाबी गर्दीची आपण रील बनवतो, तिच्यामागे आपल्याच मोऱ्यांचं पाणी आहे.

हे ऐकून एक मुलगी म्हणाली, ‘मग घाण पाणी चांगलं?’ दादाने घाईने उत्तर दिलं नाही. त्याने कोळीवाड्यातल्या मुलाकडे पाहिलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘फ्लेमिंगो बघायला सगळे येतात. माझ्या आजोबांच्या जाळ्यात पिशव्या येतात, ते बघायला कोण येतं?’

या वाक्यानंतर कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. माझ्या वहीत त्या दिवसाचा हाच एक कोट राहिला.

पिकनिक की अभ्यास?

निघताना मी दादाला विचारलं, ‘एका दिवसाने काय फरक पडतो?’ तो म्हणाला, ‘एका दिवसाने काहीच नाही. म्हणून तर आम्ही चारदा येतो.’

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. विषय वेळापत्रकात आलाही. पण बहुतेक शाळांत तो प्रोजेक्टच्या फाइलमध्येच राहिला आणि बाहेर पडलाच तर वर्षातून एका सहलीपुरता : बस, वेफर्स, ग्रुप फोटो, परत. या शाळेची मुलं मात्र जुलै, ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये त्याच धक्क्यावर येतात, तीच जागा पाहतात, त्याच वहीत लिहितात. एका जुन्या वहीतली जुलैची नोंद मी वाचली : ‘आज एकपण फ्लेमिंगो नाही. पाऊस आहे. पाणी दगडापर्यंत आलं. खेकडे आहेत.’ पक्षी नसतानाही खाडी असते, हे या पोराला कळलंय. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मोठ्यांना ते अजून कळायचंय.

अर्थात हे सोपं नाही. बाईंनी अडचणींची यादीच वाचली : बसचं भाडं, परवानगीची पत्रं, पाण्याजवळ पाठवायला घाबरणारे पालक, अपुरा राहिलेला पोर्शन. आणि एक अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही : खाडीकाठी मुलींसाठी स्वच्छतागृह नसतं. बाई म्हणाल्या, ‘पहिल्या वेळी तीन मुली याच कारणाने आल्या नाहीत.’ आता कोळीवाड्यातलं एक घर मुलींसाठी दार उघडं ठेवतं. त्याच मुलाचं घर.

माझा पैकीच्या पैकी प्रोजेक्ट

परतीच्या बसमध्ये मला माझी आठवी आठवली. ‘पाणथळ जागांचे महत्त्व’ हा माझा प्रोजेक्ट होता. नेटवरून चित्रं, स्केचपेनने मथळे, वीसपैकी वीस. त्याच वर्षी आमच्या बिल्डिंगमागच्या डबक्यात रोज रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे होत होते. बगळे यायचे तिथे. मी खिडकीतून बघायचे आणि आवाज येतो म्हणून खिडकी लावून घ्यायचे. प्रोजेक्टमधली पाणथळ जागा आणि खिडकीबाहेरचं डबकं ही एकच गोष्ट आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आज तिथे पार्किंग आहे. मोठ्या पावसात पाणी आता तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात जातं.

सकाळी दादाने दोन ट्रे घेऊन हाच प्रयोग दाखवला होता. एकात स्पंज, एकात फरशी, दोन्हींत एकेक तांब्या पाणी. फरशीवरचं पाणी क्षणात मुलांच्या पायांवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. पण आपल्या शहराला स्पंज का हवा, हे आता त्यांना माहीत आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षं आधी.

बसमधून उतरताना कोळीवाड्यातल्या त्या मुलाने मला हाक मारली. ‘ताई, तुम्ही ओहोटीला आलात, अर्धंच बघितलं. अमावास्येला दुपारी या. उधाण असतं. पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर येतं.’ मी कॅलेंडर उघडलं. तोवर त्याने बोटं मोजून वार सांगितलाही.

जाणार आहे. या वेळी कॅमेरा नाही, वही घेऊन.

तुम्हालाही जायचंय?

• ऐरोलीतल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीने फेरी मारता येते. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे आधी चौकशी करा.

• मुंबईत राहत असाल तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा. एकेकाळी तिथे कचऱ्याचे ढीग होते. १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि मिठी नदी शेजारीच आहे.

• नाशिककरांनो, तुमच्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ.

• आणि यातलं काहीच जवळ नसेल तर गावचा तलाव, धरणाचा फुगवटा, भाताचं खाचरसुद्धा चालेल. एकच जागा निवडा. वर्षातून चारदा जा. वही विसरू नका.