शत्रुत्वाकडून सहकार्याकडे : फ्रान्स-जर्मनी मैत्री आणि एलिझे करार

प्रस्तावना

२२ जानेवारी हा दिवस फ्रान्स व जर्मनी या दोन्ही देशांत 'फ्रान्स-जर्मनी दिन' म्हणून साजरा केला जातो. या निमित्ताने शाळांमधून शेजारी देशाच्या भाषेची व संस्कृतीची ओळख करून देणारे कार्यक्रम होतात. १९६३ साली याच दिवशी पॅरिसमधील एलिझे प्रासादात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनॉवर यांनी मैत्रीकरारावर स्वाक्षऱ्या केल्या. राष्ट्राराष्ट्रांमध्ये मैत्रीचे करार पुष्कळ होतात. त्यांतील अनेक कालांतराने दप्तरात पडून राहतात. हा करार मात्र सहा दशकांहून अधिक काळ कार्यरत राहिला. तो कशामुळे टिकला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत ही दोन राष्ट्रे तीन वेळा एकमेकांशी लढली. १८७१ मध्ये पराभूत फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातील आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. १९१९ मध्ये त्याच दालनात जर्मनीला तहावर सही करावी लागली. १९१८ मध्ये जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदी स्वीकारली, त्याच डब्यात १९४० मध्ये हिटलरने फ्रान्सला युद्धबंदीवर सही करावयास लावले. अल्सेस व लॉरेन या सीमाप्रांतांचे स्वामित्व या काळात चार वेळा बदलले. १९१६ मध्ये व्हर्दून येथे सुमारे दहा महिने चाललेल्या एकाच लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लक्ष सैनिक मृत्युमुखी पडले. प्रत्येक तहात पुढील युद्धाचे बीज होते. कारण विजेत्याने पराभूताचा केलेला अपमान पराभूताची पुढची पिढी विसरत नसे.

सलोख्याचा प्रयत्न यापूर्वी झालाच नव्हता, असे नाही. १९२५ च्या लोकार्नो करारानंतर फ्रान्सचे आरिस्टिड ब्रियाँ व जर्मनीचे गुस्टाव श्ट्रेझेमान यांना १९२६ चे नोबेल शांतता पारितोषिक विभागून देण्यात आले. परंतु हा सलोखा प्रामुख्याने मुत्सद्द्यांचा होता; जनतेच्या मनात त्याची मुळे रुजली नव्हती. १९२९ मध्ये श्ट्रेझेमान यांचे व १९३२ मध्ये ब्रियाँ यांचे निधन झाले आणि १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवून तो करार मोडीत काढला.

सलोख्याची पायाभरणी

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रारंभ झाला तो भावनेपेक्षा व्यवहारातून. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी दोन्ही देशांचे कोळसा व पोलाद उत्पादन एका सामायिक यंत्रणेखाली आणण्याची योजना मांडली. शस्त्रास्त्रनिर्मितीचा कच्चा माल सामायिक झाला की परस्परांविरुद्ध युद्धाची तयारी अशक्य होईल, असा त्यामागील विचार होता. १९५१ मध्ये इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांच्यासह सहा देशांचा करार झाला. सार प्रांताचा वादही सार्वमताचा कौल मान्य करून मिटविण्यात आला आणि १९५७ च्या प्रारंभी तो प्रांत पश्चिम जर्मनीत समाविष्ट झाला.

सप्टेंबर १९५८ मध्ये द गॉल यांनी आडेनॉवर यांना कोलोंबे या खेड्यातील आपल्या राहत्या घरी पाहुणचारास बोलाविले. जुलै १९६२ मध्ये हे दोघे रॅंस येथील कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेस एकत्र उपस्थित राहिले. १९१४ मध्ये जर्मन तोफांनी याच वास्तूची मोठी हानी केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द गॉल यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन युवकांसमोर जर्मन भाषेतून भाषण केले.

कराराचे स्वरूप

एलिझे कराराचा मजकूर आटोपशीर आहे. त्यात मोठी आश्वासने नाहीत. आहे ते भेटींचे वेळापत्रक. राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा, तर परराष्ट्रमंत्र्यांनी व संरक्षणमंत्र्यांनी किमान दर तीन महिन्यांनी भेटावे. परराष्ट्र धोरणातील महत्त्वाच्या निर्णयापूर्वी परस्परांशी विचारविनिमय करावा, असे त्यात नमूद केले आहे. मतैक्य ही भेटीची पूर्वअट नाही, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

या तरतुदीची कसोटी लगेचच लागली. करारापूर्वी आठच दिवस द गॉल यांनी ब्रिटनच्या युरोपीय आर्थिक समुदायातील प्रवेशास जाहीर विरोध केला होता. पश्चिम जर्मनीच्या संसदेने मे १९६३ मध्ये करारास मान्यता देताना अमेरिकेशी घनिष्ठ संबंध व ब्रिटनचा प्रवेश यांचा पुरस्कार करणारी प्रस्तावना जोडली. द गॉल यांची त्यामुळे निराशा झाली. तथापि ठरलेल्या भेटी चालू राहिल्या.

युवक व सामान्य नागरिक

कराराचे सर्वांत दूरगामी फलित म्हणजे जुलै १९६३ मध्ये स्थापन झालेली फ्रान्स-जर्मनी युवक संस्था होय. दोन्ही सरकारे तिला समान निधी देतात. तिच्या कार्यक्रमांतून आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी सहभाग घेतला आहे. कालच्या शत्रूच्या घरी राहून त्याची भाषा शिकणे, त्याच्या कुटुंबासमवेत जेवणे हे या पिढ्यांना सहजसाध्य झाले. १९५० मध्ये मोंबेलियार व लुडविग्सबुर्ग या शहरांपासून सुरू झालेल्या नगरमैत्रीच्या जोड्या आज दोन हजारांहून अधिक आहेत. २००३ मध्ये दोन्ही देशांच्या युवक-संसदेने समान इतिहास पाठ्यपुस्तकाची कल्पना मांडली आणि २००६ मध्ये त्याचा पहिला खंड दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. एकच इतिहास दोन्हीकडील विद्यार्थ्यांनी एकाच पुस्तकातून वाचावा, ही गोष्ट त्यांच्या आजोबांना कल्पनेतही शक्य वाटली नसती.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी व्हर्दूनच्या रणभूमीवर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ व चॅन्सेलर हेल्मुट कोल हातात हात घेऊन स्तब्ध उभे राहिले. १९४० मध्ये मित्तराँ याच परिसरात जखमी झाले होते, तर कोल यांचे वडील पहिल्या महायुद्धात येथेच लढले होते. या एका कृतीला अर्थ लाभला तो वीस वर्षांच्या नित्य व्यवहारामुळे.

मर्यादा

ही मैत्री मतभेदरहित नाही. १९८९-९० मध्ये जर्मनीच्या एकीकरणाविषयी फ्रान्समध्ये साशंकता होती. अणुऊर्जेबाबत दोघांची धोरणे परस्परविरुद्ध आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरलेली संयुक्त मंत्रिपरिषद पुढे ढकलावी लागली. ती जानेवारी २०२३ मध्ये कराराच्या साठाव्या वर्धापनदिनी पॅरिस येथे पार पडली. २०१९ च्या आखेन कराराने सहकार्याला नवी जोड दिली आणि त्याच वर्षी दोन्ही संसदांच्या प्रत्येकी ५० सदस्यांची संयुक्त सभा अस्तित्वात आली. युद्ध प्रत्यक्ष पाहिलेली पिढी मात्र आता अस्तंगत होत आहे. ज्यांना वैराची आठवण नाही, त्यांना मैत्रीचे मोल कसे कळावे, हा यापुढील खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष

लोकार्नोचा सलोखा दोन व्यक्तींबरोबर लोपला. एलिझे करार त्याच्या शिल्पकारांच्या पश्चातही टिकला. दोन्हींमधील फरक नेत्यांच्या सद्हेतूंचा नसून व्यवस्थेचा आहे. राग आला तरी ठरल्या दिवशी भेटावयाचेच, हा नियम एलिझे कराराने घालून दिला आणि भेटीचा अधिकार मंत्र्यांबरोबरच विद्यार्थ्यांनाही दिला. २२ जानेवारीचा उत्सव त्यामुळे केवळ गतकाळाचे स्मरण ठरत नाही. तो त्या नियमाचे दरवर्षी होणारे नूतनीकरण आहे. शेजाऱ्याशी असलेले वैर अटळ मानणाऱ्या कोणत्याही समाजाने हा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.