बॅटरीचा प्रवास

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी एक लिथियम-आयन बॅटरी आहे. तीच बॅटरी पार्सलाने निघाली म्हणजे तिच्यामागे नियमांचे एवढे लचांड का लागावे?

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोईंग विमानाला आकाशातच आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा भरणा होता. धुरामुळे वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनात. माघारी फिरलेले विमान कोसळले आणि दोघेही वैमानिक प्राणास मुकले.

असे का होते? बॅटरीच्या घटात धन व ऋण अग्रांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि आत ज्वालाग्राही द्रव असतो. घट चेपला, किंवा त्याच्या टोकांना धातू लागून शॉर्ट-सर्किट झाले, की तो तापतो. पडदा निकामी होतो, आणि मग उष्णताच उष्णतेला वाढवीत जाते. एक घट पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पलीकडचा.

नियमांचे काम या साखळीच्या कड्या तोडण्याचे आहे. बॅटरीच्या प्रत्येक नमुन्याला कमी दाब, तापमानाचे चढउतार, कंप, धक्के इत्यादी परीक्षा उतराव्या लागतात. बांधताना टोके झाकायची, प्रत्येक बॅटरी वेगळी गुंडाळायची आणि आत काही हलणार नाही अशी मजबूत पेटी घ्यायची. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या साधारणपणे ३० टक्क्यांहून अधिक भारित असू नयेत, असा नियम झाला. साठा कमी, तितका भडका कमी. फुगलेली वा सदोष बॅटरी तर विमानाने पाठवायचीच नाही.

प्रवाशाने पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी, याचेही कारण हेच. तेथे धूर दिसतो आणि माणसाचा हात पोहोचतो. सामानाच्या कोठीत दोन्ही नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सामान्यतः परवानगीवाचून नेता येते. १०,००० मिलिअँपिअर-तास व ३.७ व्होल्ट असेल, तर हिशेब ३७ वॉट-तासांचा होतो.

मात्र या साऱ्याचा पाया एकच: पाठविणाऱ्याने पेटीवर आतल्या मालाचे खरे नाव लिहिणे. पेटी उचलणारा हमाल आणि विमान हाकणारा वैमानिक, दोघेही त्या चिठ्ठीवर विसंबून असतात.