पुढचं गाव? ३८५ किलोमीटर!

कॅनडाचा नकाशा घ्या आणि बोट वर सरकवत न्या. अजून वर. आर्क्टिक वृत्त ओलांडून हजारभर किलोमीटर गेलात की एल्समीअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रीस फिऑर्ड सापडेल. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या १४४. आपल्या जुन्या निळ्या गाड्यांच्या स्लीपर डब्यात बर्थ किती? ७२. दोन डबे जोडले की अख्खं गाव झोपलं, वेटिंग लिस्ट शून्य!

इथून विमानाने जायचं ते रेझोल्यूटला. तिथली वस्ती १८३. हवाई अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून पुण्याला जा, परत या, पुन्हा निघा आणि लोणावळ्याला उतरा. फक्त वाटेत चिक्की नाही. रस्ता नाही, रूळ नाहीत, एकही घर नाही. खाली पसरलंय डेव्हन बेट, ५५ हजार चौरस किलोमीटरचं, जगातलं सर्वांत मोठं निर्मनुष्य बेट. सबंध कोकणाच्या पावणेदोन पट जागा, आणि कायमचा रहिवासी एकही नाही! मंगळावर जायची रंगीत तालीम करायला शास्त्रज्ञ उन्हाळ्यात इथेच येतात.

विमान म्हणाल तर इवलंसं, पंखा फिरवत जाणारं ट्विन ऑटर. जास्तीत जास्त १९ प्रवासी, वेळ साधारण दीड तास. आठ फेऱ्यांत गाव रिकामं! प्रदेशाची राजधानी इकालुइटला जायचंय? मग रेझोल्यूटहून पुढे आणखी दीड हजारांवर किलोमीटर. एकूण बेरीज मुंबई–हावडा रेल्वेमार्गाएवढी, आणि अजून आपण नुनावुत या एकाच प्रदेशात आहोत.

पण एवढ्या वर माणसं आली कशी? आणली. १९५३ साली सरकारने क्युबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकहून इनुइट कुटुंबं उचलून इथे उतरवली, जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर. तेरा वेळा मुंबई–पुणे, तेही परतीच्या तिकिटाविना. सरकारची माफी आली २०१० साली. ५७ वर्षांनी! सगळ्या आकड्यांत मला हाच सर्वांत लांबचा वाटतो.

आता धरा श्वास. नुनावुतची जमीन १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सहा महाराष्ट्र. वस्त्या २५, एकीलाही दुसरीशी जोडणारा रस्ता नाही. २०२१च्या जनगणनेत माणसं सुमारे ३७ हजार. गर्दीच्या वेळच्या आठ लोकलमध्ये सगळी मावतील. करा भागाकार: माणशी ५० चौरस किलोमीटर! याच हिशेबाने बृहन्मुंबईच्या ६०३ चौरस किलोमीटरांत माणसं वसवली तर किती होतील? बारा. कोटी नव्हे, लाख नव्हे, नुसती बारा! एक कुलाब्याला, एक मुलुंडला, एक दहिसरला... आणि लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकायला सांगायचं म्हटलं, तर सांगणार कोणाला?